खंडेनवमीचं लेथ

जुनं मशीन विकणारा माणूस मशीन विकत नसतोच, तो तुमच्यावर उपकार करत असतो. गिऱ्हाइकं त्याच्याकडे रांग लावून उभी असतात, सोलापूरची पार्टी तर कालच इसार देऊन जाणार होती, पण तुमचा चेहरा बघून त्याला आपला धाकटा भाऊ आठवतो. मशीन मूळचं जर्मनच असतं, फक्त त्यावरची पाटी कुठंतरी पडलेली असते. ते एकाच कारागिरानं चालवलेलं असतं, आणि तो कारागीर बहुधा वारलेला असतो. वारलेल्या माणसाकडे चौकशी करता येत नाही, ही या धंद्यातली मोठी सोय आहे.

हे मी कुणाला शहाणपण शिकवायला सांगत नाही. मी आयटीआय केलेला माणूस, सोबत नांदेड जिल्ह्यातला एक नंबरचा पारखी घेऊन गेलो, आणि तरीही भर दिवसा, कपाळाला कुंकू लावून फसून आलो. तो पारखी म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो.

भूकंपानंतरची चार-पाच वर्षं मी लातुरात दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये नोकरी केली. तिकडे गावं नव्यानं वसत होती. पत्रा, अँगल, खिडक्यांच्या जाळ्या यांच्या कामाला उसंत नव्हती. त्या गडबडीत ज्याच्याकडे काहीही जुनं होतं, तो व्यापारी झाला होता. पडलेल्या घरांचं सागवान आणि भूकंप ज्यांच्या वाटेलाही गेला नव्हता अशा घरांचं सागवान एकाच ढिगातून, एकाच हळव्या आवाजात विकलं जात होतं.

घरं बांधून होत आली तसं लातूरनं दुसरं काम काढलं, डॉक्टर तयार करायचं. गल्लोगल्ली क्लास निघाले, क्लाससाठी होस्टेलं निघाली आणि होस्टेलांना लोखंडी कॉट लागू लागल्या. एकाच गुणवंत पोरीचा फोटो मी एकाच रस्त्यावर तीन क्लासच्या बोर्डांवर पाहिलाय. पोरगी हुशारच असणार, एका वेळी तीन ठिकाणी बसून शिकायचं म्हणजे काय सोपं काम आहे?

मीही नोकरी सोडून शेड भाड्यानं घेतली. कॉटचं काम वेल्डिंगवर भागायचं, पण डाळ मिलचा शाफ्ट झिजला किंवा बोअरच्या मोटारीचा बुश गेला की लोखंड फिरवत कापणारं लेथ लागायचंच, आणि त्यासाठी मला दुसऱ्याच्या दारात नंबर लावून बसावं लागायचं. म्हणून मी लेथ घ्यायचं ठरवलं. नवं परवडण्याचा प्रश्नच नव्हता.

हे झालं अर्धं कारण. उरलेलं अर्धं नांदेडला घराच्या ओट्यावर बसलेलं होतं. अण्णांनी उभी हयात एका कापड गिरणीत टर्नर म्हणून काढली. गिरणी बंद पडली आणि त्यांच्या हातचं काम गेलं. तेव्हापासून ते ओट्यावर बसून शेजाऱ्यांचे पंखे आणि शिलाई मशीनं दुरुस्त करायचे. काहीच नसलं की अंगठा पहिल्या बोटावर घासत राहायचे, कापलेल्या लोखंडाचा गुळगुळीतपणा चाचपून बघतात तसे. मला ते बघवत नसे. त्यांना पुन्हा लेथपुढं उभं करायचं, तेही कुणाच्या नोकरीत नाही, पोराच्या शेडमध्ये, एवढंच माझ्या मनात होतं. तसं तोंडानं बोललो असतो तर "लई झालं आता" म्हणून त्यांनी विषय संपवला असता. म्हणून मी फक्त म्हणालो, "अण्णा, मशीन बघायला चला."

मशीन बघण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मुदखेडपासून हदगावपर्यंत कुणाला काही जुनं घ्यायचं असलं की अण्णांना गाडीत घालून नेत. त्यांची पद्धत ठरलेली होती. लेथचा बेड म्हणजे ज्याच्यावर बाकी सगळं सरकतं तो बिडाचा लांब पाट. त्याच्यावरून ते नख फिरवायचे. काम पकडून फिरवणाऱ्या चकाजवळचा भाग सगळ्यात जास्त वापरला जातो, त्यामुळे झिजलेलं असेल तर तिथं नख अडखळतं. मग मशीन चालू करायला लावायचे, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हेडवर, म्हणजे गिअरच्या पेटीवर, आणि मूठ कानाला लावून आतलं ऐकायचे. शेवटी एक गज लेथवर लांबीभर कापून दोन्ही टोकांची जाडी मोजायचे, ती सारखी भरायला हवी. "मशीनशी बोलायचं, मालकाशी न्हाई," ते म्हणायचे. "मालकाच्या तोंडाची टकळी सुरू झाली की आपण बटण दाबायचं."

रेणापूरच्या वाटेवर एकानं आम्हाला पहिलं लेथ दाखवलं. हिरवा रंग इतका ताजा होता की माझ्या बाहीला लागला. अण्णांनी नख फिरवलं, चहा मागवला, चहा पिऊन उठले. बाहेर आल्यावर मी विचारलं, "कसं होतं?" ते म्हणाले, "चहा बरा होता." दुसऱ्यानं सांगितलं की याच्यावर फार तर दोन वर्षं काम झालंय. अण्णांनी चकाच्या जबड्याकडे बघून विचारलं, "दोन वर्षं, पण कुणाच्या राज्यात? निजामाच्या?" असे आम्ही सात-आठ दुकानदार पालथे घातले आणि त्या प्रत्येकाचं तोंड उतरलेलं बघून घरी आलो. मला तर वाटायला लागलं होतं की आपल्याला फसवणारा अजून जन्माला यायचाय.

तो जन्मून चांगला पन्नाशीला आला होता आणि नांदेडलाच राहत होता. गावाबाहेर त्याचं जुन्या मशिनरीचं मोठं आवार होतं. मी लातूरहून एसटीडीवरून फोन केला. लेथ आहे म्हणाला. मग मशीन सोडून माझीच चौकशी सुरू केली. सोबत कोण येणार? वडील? ते काय करायचे? गिरणीत टर्नर म्हटल्यावर त्याचा आवाज एकदम मऊ झाला.

"मग काकांना घिऊनच या भाऊ. जाणत्या माणसाला माल दाखवायचा म्हंजे आपलं बी नशीब लागतंय. असं करा, नवमीला या. दुसऱ्या दिवशी दसरा. मुहूर्तावर मशीन तुमच्या दारात."

मला वाटलं, काय सज्जन माणूस आहे. आमच्या मुहूर्ताची काळजी आमच्याआधी याला.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते आणि त्या दिवशी हत्याराला विश्रांती असते हे कुणाला सांगायला नको. पण अण्णांचं त्या दिवसाशी नातं वेगळंच होतं. त्यांच्या गिरणीतले सगळे पट्टे त्या दिवशी थांबायचे. ते स्वतःचं लेथ रॉकेलनं पुसून, हळदीकुंकू वाहून त्याच्या पाया पडायचे आणि घरी येऊन साधा अडकित्तासुद्धा कुणाला उचलू द्यायचे नाहीत. कुण्या एका फिटरनं नवमीला मशीन चालवलं आणि त्याची दोन बोटं गेली, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो. तो फिटर कोण, ती बोटं कधी गेली, हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. तरी दरवर्षी नवमीला ती बोटं पुन्हा एकदा जायची.

आम्ही आवारात शिरलो तर देवळात आल्यासारखं वाटलं. उदबत्त्यांचा धूर, झेंडूचे हार, पाट, समई. दुकानदार सोवळं नेसून उभा. आणि मधोमध ते लेथ, नवरदेवासारखं सजवलेलं. विड्याची पानं, सुपाऱ्या, नारळ, केळी सगळं बेडवर मांडलेलं. चकाजवळ तर झेंडू इतका दाट की खालचं लोखंड दिसत नव्हतं. लेथ जिथं झिजतं नेमकी तिथंच त्याची भक्ती ओसंडून वाहत होती.

अण्णांनी चपला बाहेर काढल्या.

"तुमच्याच गिरणीतलं हाय हे, काका," दुकानदार म्हणाला.

"न्हाई," अण्णा म्हणाले. "आमच्याकडं ह्या बनावटीचं एकबी नव्हतं."

तो जराही वरमला नाही. "असंल, असंल. तुमच्यापेक्षा मला काय कळतंय?" म्हणाला आणि त्यांच्या हातात अक्षता दिल्या.

अण्णांनी नमस्कार केला. डोकं टेकवलं. मग मशीनभोवती एक चक्कर मारली. हँडल फिरवून बघायला हात पुढे नेला आणि पूजेकडे बघून मागे घेतला. मी म्हणालो, "अण्णा, फुलं जराशी सरकवून नख..." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीही हात जोडले. देवाचं नाव घेऊन फसवणाऱ्यांच्या गोष्टी मी पुष्कळ ऐकल्या होत्या. प्रत्यक्षात आपण त्या गोष्टीत उभे असतो तेव्हा उदबत्तीचा वास फार चांगला येत असतो.

आणि मग त्या माणसानं त्याच्या धंद्यातली सगळ्यात हुशार गोष्ट केली. तो सरळ स्टार्टरपाशी गेला, हिरव्या बटणावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "काका, चालवून दाखवू का? न्हाई, तुमच्या मनात शंका नको."

अण्णांनी दोन पावलांत जाऊन त्याचं मनगट धरलं. "अवं, काय करून राहिले? आज नवमी हाय."

"आपलं तुमच्या समाधानासाठी म्हटलं," तो म्हणाला आणि हात लगेच खाली घेतला. इतका लगेच की तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी म्हणू शकलो असतो की परवा येतो, चालवून बघतो, मग घेतो. पण उद्या दसरा होता, अण्णांचे डोळे त्या मशीनवर होते, आणि त्यांना असं उजळलेलं मी कितीतरी वर्षांनी बघत होतो. मी होकार दिला. तिथल्या तिथं व्यवहार झाला.

दसऱ्याला चेन पुलीनं लेथ टेम्पोत चढवलं. दुकानदारानं आम्हाला आपट्याची पानं दिली. "सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा," म्हणाला. सोनं देऊन सोनं घेण्याची रीत आहे, त्यानं फक्त आपलं सोनं आधी घेऊन ठेवलं होतं. लोहा, अहमदपूर, चाकूर करत आमचं सीमोल्लंघन झालं. अण्णा ड्रायव्हरशेजारी बसायला तयार झाले नाहीत. ते मागं मशीनजवळ, दोरीला धरून, सगळी वाट उभे होते.

दुसऱ्या दिवशी लेथ पायावर बसवलं आणि अण्णांनी हार उतरवले. हळदीकुंकू पुसलं. नख फिरवलं. ते चकाजवळ आलं, थांबलं, मागं गेलं, पुन्हा आलं. मशीन चालू केलं, दहा-पंधरा मिनिटं आवाज बरा होता, मग हेडमधून जी घरघर सुरू झाली ती ऐकायला स्क्रू-ड्रायव्हरची गरजच नव्हती. गज कापून बघितला. तो गाजरासारखा निघाला, एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक. हेडमधलं तेल खाली काढलं तर तेलाबरोबर मूठभर लाकडाचा भुसा आला. गिअरचा आवाज दाबायला घालतात तो. म्हणजे एखाद्या नास्तिकानं येऊन बटण दाबलंच तर त्याचीही सोय गड्यानं करून ठेवली होती. सर्वधर्मसमभाव म्हणतात तो हाच.

मी तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि एवढंच म्हणाले, "मी बघितलं न्हाई."

मी नांदेडला एकटाच गेलो. दुकानदारानं चहा मागवला.

"भाऊ, चालवून दाखवू का, असं म्हटलं होतं का न्हाई मी? खोटं असंल तर सांगा."

"म्हटलं होतं."

"माझा हात कुणी धरला?"

तो खुर्चीत मागं रेलला आणि मला समजावू लागला की पूजा झालेलं मशीन वापस घेतलं तर लक्ष्मी रुसती, तुमची बी आन् माझी बी. शिवाय अण्णांना नमस्कार सांगायला सांगितला. तुमच्या वडलांसारखी देवभोळी माणसं आता राहिली न्हाईत, म्हणाला. हे मात्र त्याच्या तोंडून निघालेलं एकमेव खरं वाक्य होतं, आणि त्याचं त्याला दुःखही मनापासून झालेलं दिसलं.

परत आलो तर अण्णांनी पिशवी भरून ठेवली होती. "सकाळच्या गाडीनं जातो," म्हणाले. "माझा आता उपयोग न्हाई. नजर गेली." नजर गेलेली नव्हती. पण ते ओट्यावर परत गेले असते तर तिथून पुन्हा उठले नसते, हे मला समोर दिसत होतं. लेथ गेलं तर गेलं असतं. अण्णा जाऊ द्यायचे नव्हते.

तेव्हा मीही थोडा दुकानदार झालो. "जा," मी म्हणालो. "मी भंगारवाल्याला सांगून आलोय. सोमवारी येऊन मशीन फोडून घिऊन जाईल." असा कुणी भंगारवाला नव्हता.

अण्णा उठून लेथपाशी गेले, बेडवर हात ठेवला. मग म्हणाले, "फोडून? अरे, बीड चांगलं हाय त्याचं. जुनं ओतकाम हाय. असं आता मिळत न्हाई."

"मग काय करू?"

"जुनी कानस हाय का एखादी?" त्यांनी विचारलं आणि पिशवी खुंटीला अडकवली.

त्यांनी कानशीचं टोक घासून तासणी बनवली. एका ओळखीच्या वर्कशॉपमधून सपाट पट्टी मागून आणली. पट्टीला निळा रंग लावायचा, ती बेडवर फिरवायची, जिथं निळं उमटेल तो उंचवटा, तेवढाच तासायचा. मग पुसायचं आणि पुन्हा निळा रंग. बसायला स्टूल, जेवायला डबा, बाकी दिवसभर तेच. दिवाळी गेली, संक्रांत गेली. समोरच्या होस्टेलचा मालक कॉटचं सांगायला यायचा आणि विचारायचा, "आजोबा कोणत्या परीक्षेची तयारी करून राहिले?" त्याच्या होस्टेलात इतका अभ्यास कुणी करत नसावं. मी हेडचे दोन गिअर नवे करून आणले, बेअरिंगं बदलली. शिमग्याच्या सुमाराला अण्णांनी गज कापला, दोन्ही टोकं मोजली आणि मायक्रोमीटर माझ्या हातात दिला. फरक माझ्याच्यानं सापडेना.

त्यानंतर ते लेथ त्यांनीच चालवलं. डाळ मिलवाले त्यांना विचारत यायचे. माझ्या मनात होतं ते झालं, म्हणून मी ही सगळी गोष्ट विनोद करून सांगायला लागलो. दुकानदाराची, सोवळ्याची, भुशाची नक्कल करायचो. लोक पोट धरून हसायचे. अण्णा हसायचे नाहीत, पण रागावायचेही नाहीत.

पुढच्या वर्षी खंडेनवमी आली. आदल्या दिवशी अण्णांनी लेथ रॉकेलनं पुसून घेतलं होतं. सकाळी माझी बायको ताट घेऊन आली. हळदीकुंकू, झेंडू, नारळ. अण्णा धुतलेलं धोतर नेसून तयार होते. चपला त्यांनी बाहेर काढल्या. मी हार पुढे केला.

"थांब," अण्णा म्हणाले.

ते स्टार्टरपाशी गेले आणि हिरवं बटण दाबलं.

लेथ सुरू झालं. बायको ताट घेऊन तशीच उभी राहिली. अण्णांनी लांब स्क्रू-ड्रायव्हर उचलला, हेडला टेकवला, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकलं. ज्या दिवशी त्यांनी कधी आम्हाला अडकित्ता उचलू दिला नव्हता, त्या दिवशी. मग बटण बंद केलं. बेडवरून एकदा नख फिरवलं, पार चकापर्यंत.

"आता वाहा फुलं," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले.

आम्ही पूजा केली. त्यांनी नमस्कार केला, पण मागच्या वर्षीसारखं डोकं टेकवलं नाही. मशीन मी दुरुस्त करून घेतलं होतं, अण्णा परत मिळवले होते आणि वर त्या माणसाची नक्कल करून सहा-सात महिने लोकांना हसवत होतो. त्यानं आमच्याकडून नेमकं काय नेलं ते मला त्या सकाळी दिसलं. त्यानंतर मी ती नक्कल पुन्हा केली नाही.